उन्हात ठेवलेले पाणी
आज दुपारी एसटी स्थानकाबाहेर बाटलीबंद पाण्याचे खोके भर उन्हात रचलेले पाहिले आणि नुकतीच विकत घेतलेली बाटली उघडावीशी वाटेना. या बाटल्यांचे ‘पेट’ (PET) प्लास्टिक बनवताना उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या अँटिमनी या विषारी मूलद्रव्याचा अंश बाटलीत उरतो, उष्णतेने तो पाण्यात अधिक वेगाने उतरतो. बाटलीबंद पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरमागे ०.००५ मिलिग्रॅम आहे. २००३ साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या पर्यावरण संस्थेने दिल्ली-मुंबईतील बाटल्यांत लिंडेन, क्लोरपायरिफॉस अशा कीटकनाशकांचे अंश दाखवले, तेव्हा नियम कडक झाले. पण कारखान्यातून निघालेली बाटली पुढे किती दिवस तापते, याकडे कोण पाहणार? दुकानदारकाकांना खोके सावलीत ठेवण्याची विनंती केली. त्यांनी शांतपणे ऐकून दोन खोके लगेच आत ओढले.