लॅपटॉप निवडताना आधी वजन, मग वॅट, शेवटी प्रोसेसरचं नाव

ताकद, टिकाऊपणा आणि कमी वजन हे तिन्ही एकाच लॅपटॉपमध्ये हवं असेल तर शोधाची सुरुवात प्रोसेसरच्या नावापासून करू नये, असं माझं पक्कं मत झालंय. मी वजनापासून सुरुवात केली. रोज पाठीवर न्यायचा लॅपटॉप चार्जरसकट पावणेदोन किलोच्या आत हवा, ही पहिली अट. यातलं ‘चार्जरसकट’ महत्त्वाचं. ६५ वॅटचा यूएसबी-सी चार्जर वायर धरून अडीचशे-तीनशे ग्रॅममध्ये येतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपचा २३० वॅटचा ठोकळा अर्ध्या किलोच्या पुढेच जातो. माहितीपत्रकातलं वजन मात्र नुसत्या लॅपटॉपचं असतं, आणि बहुधा सगळ्यात हलक्या कॉन्फिगरेशनचं. मोठी बॅटरी किंवा टचस्क्रीन घेतली की आकडा वाढतो.

वजन ठरलं की त्या खोक्यात किती उष्णता बाहेर टाकता येईल हेही जवळपास ठरतं. माझं काम कोड बिल्ड करण्याचं (लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याचं) आणि मधूनमधून व्हिडिओ एक्स्पोर्ट करण्याचं, म्हणजे दहा-वीस मिनिटं प्रोसेसरचे सगळे कोअर (आतले गणना करणारे भाग) पूर्ण जोरात. प्रोसेसर जितकी वीज खातो तितकीच उष्णता बाहेर टाकावी लागते, म्हणून वॅट बघायचे. इंटेलच्या बाराव्या-तेराव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये नावाच्या शेवटी यू असेल तर साधारण १५ वॅट, पी म्हणजे २८, एच म्हणजे ४५ आणि एचएक्स म्हणजे ५५. पण हे झाले मूळ आकडे. टर्बोमध्ये, म्हणजे तात्पुरत्या वाढीव वेगात, चिप (प्रोसेसर) थोडा वेळ याच्या दुप्पट-तिप्पट वीज खाते आणि मग कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेवर किंवा कूलिंगला झेपेल तिथे येऊन थांबते. म्हणून एकच एच चिप एका पंख्याच्या पातळ लॅपटॉपमध्ये २०-२५ वॅटवर बसते आणि दोन पंख्यांच्या जाड लॅपटॉपमध्ये ४५ ओलांडते. नाव एक, काम वेगळं.

हे तपासायला सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरवर भार टाकून गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची चाचणी पुरते. सोबत एचडब्ल्यूइन्फो हे आतली मोजमापं दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ आणि तापमान या दोन ओळींवर लक्ष ठेवायचं. आधी एकच फेरी चालवून गुण लिहून ठेवायचे, मग दहा मिनिटांनंतरचे बघायचे. घट दहा टक्क्यांच्या आत असेल तर कूलिंग उत्तम. पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली तर महागड्या चिपचे पैसे वाया. हीच चाचणी चार्जर काढूनही करावी, कारण काही लॅपटॉप बॅटरीवर आले की वीज निम्म्यावर आणतात. दुकानात हे करू देत नाहीत. मी नोटबुकचेकसारख्या लॅपटॉपची परीक्षणं छापणाऱ्या संकेतस्थळांवरचे सलग फेऱ्यांचे आलेख बघून यादी लहान केली. त्यात पंख्याचा आवाज कोणत्या मोडमध्ये मोजलाय हेही बघावं. पूर्ण वेगाचा मोड इतका गोंगाट करतो की रोज कोणी वापरत नाही.

ग्राफिक्सचीही तीच गत. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपची कंपनी ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवू शकते. वॅट लिहिलेले नसतील तर त्या नावावर भाव ठरवू नये. मी वेगळं कार्ड टाळलं आणि वजनाची अट तिथेच सुटली.

बॅटरीचे ‘इतके तास’ वाचूच नयेत. वॉट-अवर भागिले सरासरी वापर, एवढंच गणित. ५७ वॉट-अवरची बॅटरी वाचन-लेखनाच्या ७ वॅटवर आठ तास चालेल, तीच बिल्ड चालू असताना ४० वॅटवर दीड तासही टिकणार नाही. वरची मर्यादा १०० वॉट-अवर समजा. त्यापुढची बॅटरी विमानात न्यायला विमान कंपनीची परवानगी लागते.

टिकाऊपणाबाबत ‘मिल-एसटीडी-८१०एच’चा शिक्का बघून हुरळून जाऊ नका. त्या अमेरिकी लष्करी मानकात कितीतरी चाचण्या आहेत. त्यातल्या कोणत्या आणि किती कडक घ्यायच्या हे कंपनीच ठरवते. मी त्याऐवजी बिजागरी बघितली. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रोवलेल्या पितळी नटांत बसतात. बिजागरी घट्ट असली की दरवेळी झाकण उघडताना सगळा जोर त्या नटांवर येतो, एक दिवस ते उपटून येतात आणि कोपऱ्यातून चौकट फाकते. स्क्रू धातूच्या सांगाड्यात जाणारे असावेत. झाकण एका कोपऱ्याने उघडून बघावं: पॅनेल पिळवटत असेल किंवा करकर येत असेल तर तो लॅपटॉप यादीतून बाद.

हे आतलं सगळं दिसतं सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. लेनोवो, डेल आणि एचपी त्यांच्या व्यावसायिक मालिकांची मॅन्युअल उघडपणे देतात. त्यात मी शोधलं ते असं: बॅटरी स्क्रूने बसवली आहे की गोंदाने चिकटवली आहे, पंखा मदरबोर्ड न काढता निघतो का, कारण वर्ष-दोन वर्षांत धूळ साचतेच, चार्जिंगचं पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर आहे की थेट मदरबोर्डवर सोल्डर केलंय. थेट असेल तर दोन यूएसबी-सी पोर्ट तरी हवेत, एक ढिलं झालं तर दुसऱ्यावर निभावतं. एसएसडी (डेटा साठवणारी पट्टी) २२८० मापाची, म्हणजे ८० मिलिमीटर लांब, असेल तर पुढे पर्याय भरपूर मिळतात, २२४२ मध्ये (४२ मिलिमीटर) कमी.

रॅमवर मी बराच घुटमळलो. मदरबोर्डवर सोल्डर केलेली एलपीडीडीआर प्रकारची रॅम वेगवान असते, वीजही कमी खाते, पण नंतर वाढवता येत नाही. ती घ्यायची तर पहिल्याच दिवशी ३२ जीबी. स्लॉट असतील तर १६ वर भागतं, फक्त दोन पट्ट्या असाव्यात. एकाच पट्टीवर प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सचा वेग ठळकपणे पडतो.

पडद्यासाठी दोनच आकडे: किमान ४०० निट्स (उजेडाचं माप) आणि शंभर टक्के एसआरजीबी (पडदा किती रंग दाखवतो याचं माप). रंगांच्याच दुसऱ्या मापात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर रंग फिके असणार.

शेवटी दोन पंखे, सतत २८ वॅट आणि दोन रॅम स्लॉट असलेला १४ इंची, १.४ किलोचा लॅपटॉप घेतला. परत करण्याच्या मुदतीत सिनेबेंच पुन्हा चालवलं, विंडोजमधल्या पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि पूर्ण चार्जची क्षमता ताडून बघितली, आणि टेबलावर सतत जोडलेला राहणार म्हणून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावली.