आमराईत होल नंबर सहा रद्द केला त्याची गोष्ट

फेब्रुवारीतल्या सांगलीच्या डिस्क गोल्फच्या स्पर्धेत होल नंबर सहा मध्येच रद्द का केला आणि त्या मिरजेच्या पोराचा एस स्कोअरला का धरला नाही, हे लोक अजून फोन करून विचारतात. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो, वाचा आणि मग काय ते बोला.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त बॉल-काठीच्या जागी फ्रिसबीसारखी डिस्क आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लावलेली बास्केट. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून फेकायचं, जिथं पडली तिथून परत फेकायचं, कमीत कमी थ्रोमध्ये बास्केटमध्ये टाकायचं. पहिल्याच थ्रोला गेली तर एस. साखळीची बास्केट काढली एड हेड्रिक नावाच्या माणसानं, आणि १९७५ ला कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स झाला, पुढच्या वर्षी १९७६ ला ह्या खेळाची पीडीजीए ही संघटना. ओक ग्रोव्ह हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ती काय क्लबची खाजगी जागा नव्हती, सार्वजनिक बाग होती. म्हणजे हा खेळ पहिल्यापासून फिरायला आलेल्या माणसांच्या, पोराटोरांच्या, कुत्र्यांच्या मधूनच खेळला गेलाय आणि माझ्या मते तो तसाच खेळला पाहिजे.

आमच्या सांगलीत कायमचा कोर्स नाही त्यामुळं आम्ही उचलून नेता येतील अशा बास्केट वापरतो, कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतल्यात, खाली जड लोखंडी बूड, वर दांडा, त्याला साखळ्या. जमिनीत एक खड्डा पाडायचा नाही, झाडाला एक खिळा मारायचा नाही, बाण-बोर्ड सगळे सुतळीनं बांधायचे आणि खेळ संपल्यावर सुतळीसकट काढून न्यायचे. फिरायचा ट्रॅक एक मिनिट पण बंद करायचा नाही. ह्या अटी परवानगीच्या आधी आम्हीच आमच्या अर्जात लिहितो.

आमराईत, म्हणजे सांगलीतल्या त्या बागेत, कोर्स टाकणं हे खरं डोक्याचं काम आहे. झाडं जुनी, दाट, आणि सकाळी निम्मी सांगली फिरायला तिथंच असते असं वाटावं एवढी गर्दी. उजव्या हातानं सरळ बॅकहँड मारला की डिस्क शेवटी शेवटी वेग कमी झाला की डावीकडं वळते, म्हणून ट्रॅक शक्यतो फेअरवेच्या, म्हणजे टी ते बास्केटमधल्या पट्ट्याच्या, उजव्या अंगाला येईल अशी टी लावायची, म्हणजे चुकली तरी डिस्क माणसांपासून लांब जाते. डावखुऱ्याचं नेमकं उलटं होतं, त्यामुळं डावखुरे कोण कोण आहेत ते आधी विचारून घ्यायचं. जिथं आंधळं वळण आहे तिथं शिट्टी घेऊन स्पॉटर उभा करायचा आणि त्यानं हात वर केल्याशिवाय कुणी फेकायचं नाही. पुढचं मोकळं दिसत नसेल तर थ्रो नाही, ह्यात घासाघीस नाही.

सहा नंबर माझा सगळ्यात आवडता होल होता. बासष्ट मीटर, मध्ये डाव्या अंगाला एक मोठी चिंच, बास्केट चिंचेच्या पलीकडं थोडी डावीकडं सरकवलेली. सरळ मारलं तर चिंच खाते, उजवीकडनं लांब वळसा घालून हायझर, म्हणजे डिस्कची बाहेरची कड खाली झुकवलेला थ्रो, टाकला तर डिस्क चिंचेला वळसा घेऊन आपोआप बास्केटकडं येते. आवाक्यातला होल, पण नजर पाहिजे.

स्पर्धा नऊ होलची, दोन राऊंड, चौघाचौघांची नऊ कार्ड, कार्ड म्हणजे एकत्र खेळणारा गट. शॉटगन स्टार्ट, म्हणजे शिट्टी झाली की नऊ कार्ड एकाच वेळी नऊ वेगवेगळ्या टीवरून सुरू करतात आणि गोल फिरत येतात. हे नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा वाद ह्याच्यावरच आहे. एखादं कार्ड सहा नंबर पहिल्यांदा खेळतं, एखादं सगळ्यात शेवटी.

साडेसातला सुरुवात झाली. आंब्यांना मोहोर आलेला, हवेत गारवा, वारा अगदी कमी. मी स्कोअर टेबलाजवळ होतो तेवढ्यात चिंचेकडनं साखळीचा खळ्ळकन आवाज आला आणि पाठोपाठ आरडाओरडा. पाच नंबरला सुरू झालेल्या कार्डातला मिरजेचा अकरावीतला पोरगा, त्यानं मिडरेंजनं, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या डिस्कनं, हायझर टाकला तो चिंचेला फिरून थेट बास्केटमध्ये. आमच्या स्पर्धेतला हा पहिला एस. कार्डातल्या चौघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, ट्रॅकवरनं चाललेल्या दोन आज्या पण थांबल्या आणि काय झालं ते नीट समजून घेऊन टाळ्या वाजवून गेल्या. पोरगं नुसतं बास्केटकडं बघत उभं होतं, डिस्क काढायचं सुद्धा सुचेना.

त्यानंतर अर्ध्या तासानं, सव्वाआठ वाजून गेले असतील, पश्चिमेकडनं घुंऽऽ असा एकसुरी आवाज यायला लागला. मला वाटलं गवत कापायचं मशीन सुरू केलं कुणीतरी. तेवढ्यात बागेतले माळीमामा पाण्याची पाईप टाकून ओरडले, "बसा! सगळी खाली बसा! हात हलवू नका कुणी!" वर बघितलं तर झाडांच्या शेंड्यावरनं काळसर ढग सरकत येत होता, नुसत्या माशा. आग्या मोहोळ जागा बदलत होतं. आम्ही सगळे जिथं होतो तिथं खाली, कुणी पालथं, कुणी उकिडवं. ढग डोक्यावरनं गेला, चिंचेभोवती घिरट्या घातल्या आणि बघता बघता फेअरवेवर आलेल्या आडव्या फांदीला माशा चिकटायला लागल्या. पंधरा-वीस मिनिटात आवाज थांबला आणि फांदीवर वाळत घातलेल्या घोंगड्यासारखं काळं मोहोळ लोंबत होतं, बास्केटपासून जेमतेम दहा-बारा मीटरवर, दीड मजला उंचीवर.

मी लांबनंच दुर्बिणीनं बघितलं. दुर्बीण स्पॉटरसाठी आणलेली असते. माशा एकीवर एक, सगळ्यांची डोकी वर, आणि मध्येच एक चकाकती लाट वरनं खाली सर्रकन जायची, परत काही क्षणानं दुसरी. मामा म्हणाले, ती लाट म्हणजे इशारा हाय. पुढं वाचलं तेव्हा कळलं की माशा एकापाठोपाठ पोट वर उचलतात त्याची ती लाट असते, गांधीलमाशीसारख्या शत्रूला बिचकवायला. नुसतं बसलेलं, पोळं न बांधलेलं मोहोळ तसं शांत असतं कारण राखायला मध नाही की पिल्लं नाहीत, पण मामांनी दुसरी गोष्ट लगेच बजावली, शांत आहे म्हणून दगड मारून बघायचा नसतो. आणि आम्ही तर त्या फांदीखालनं पावणेदोनशे ग्रॅमच्या डिस्का मारणार होतो.

त्या वेळी सहा नंबरवर तीन नंबरला सुरू झालेलं कार्ड होतं. त्यातल्या एकानं घाबरून मानेवरची माशी झटकली आणि ती चावलीच. आमच्या एका व्हॉलंटियर मुलीनं त्याला वाकवत मागं आणला आणि खिशातल्या मिनीच्या कडेनं, म्हणजे डिस्क पडली ती जागा दाखवायला जी छोटी चकती ठेवतात तिच्यानं, काटा खरवडून काढला. मी जवळनं बघितलं, काट्याला ती बारीकशी विषाची पिशवी तशीच होती आणि धडधडत होती. माशी मेली तरी ती पिशवी विष सोडत राहते म्हणून काटा कसा काढला ह्यापेक्षा किती लवकर काढला ते महत्त्वाचं. शिवाय चावल्या जागी पिकल्या केळ्याचा वास येतो आणि त्या वासावर बाकीच्या माशा चेततात, त्यामुळं त्याला तिथनं लगेच लांब नेला. ॲलर्जी आहे का विचारलं, नव्हती, तरी गाडी गेटवर तोंड करून लावून ठेवली आणि तासभर एक माणूस त्याच्याजवळ बसवला. दम लागला, ओठ सुजले, चक्कर आली तर १०८ ची वाट न बघता गाडी काढायची, एवढं ठरवून ठेवलेलं.

शिट्टी मारून पूर्ण राऊंड थांबवला. पहिलं काम खेळाडूंचं नव्हतं, फिरणाऱ्यांचं होतं. चिंचेच्या बाजूच्या ट्रॅकवर दोन्ही टोकाला आमची फ्लोरोसंट जॅकेटवाली पोरं उभी केली, काका जरा पलीकडनं जावा, मोहोळ बसलंय, बॉडी स्प्रे मारला असेल तर जास्तच लांबनं जावा. एकानंही हुज्जत घातली नाही. उलट एका आजोबांनी घरी जाऊन "इकडे जाऊ नका" असं मोठ्या अक्षरात लिहिलेला पुठ्ठा आणून दिला.

मग सूचना यायला लागल्या. एक जण म्हणाला, माझ्या ओळखीचा माणूस आहे, टेंभा लावून धूर करतो, अर्ध्या तासात मोकळं करून देईल. मी सरळ नाही म्हणालो. रविवारी सकाळी शेकडो माणसं बागेत असताना मोहोळ उठवायचं? आणि समजा बाग रिकामी असती तरी नाही म्हणालो असतो. आम्ही दुपारपर्यंतचे पाहुणे, त्या माशा दोन-चार दिवसाच्या पाहुण्या, आणि भोवतालची कितीतरी शेती-फळझाडं ह्यांच्या जिवावर फळतात. स्पर्धेसाठी मोहोळ जाळणारा माणूस मला माझ्या कोर्सवर नको.

म्हणून सहा नंबर बंद. इथपर्यंत सगळ्यांना पटलं. खरा प्रश्न पुढं होता.

तोपर्यंत तीन कार्डांचा सहा नंबर खेळून झालेला, सहा, पाच आणि चारला सुरू झालेली. तीनवालं कार्ड अर्ध्यात. बाकीच्या पाच कार्डांनी तो होल बघितलेला पण नाही. मी टीडी, म्हणजे टूर्नामेंट डायरेक्टर, त्यामुळं निर्णय माझा. मी सांगितलं, पहिल्या राऊंडमध्ये सहा नंबर सगळ्यांचाच स्कोअरमधनं काढायचा, राऊंड आठ होलचा धरायचा.

पोराचे वडील तिथंच होते. चिडले नाहीत पण आवाज कापत होता. "सर, तुमच्या मोहोळात माझ्या पोराचा काय दोष? त्यानं मारला तेव्हा झाडावर काय नव्हतं." बरोबर होतं त्यांचं. शंभर टक्के बरोबर होतं. ते म्हणाले, ज्यांचा राहिलाय त्यांना पार, म्हणजे त्या होलचे ठरलेले थ्रो द्या, तीन लिहा, आणि ज्यांनी खेळलाय त्यांचं जे आहे ते राहू द्या.

मी त्यांना बाजूला बसवून स्कोअरकार्ड दाखवली. त्याच होलवर एका बाईंना पाच पडले होते, चिंचेला लागून डिस्क ओबी, म्हणजे हद्दीबाहेर गेली, एक दंडाचा थ्रो. दुसऱ्या एका मुलाला चार. मी न खेळलेल्यांना फुकटचे तीन दिले तर ह्या दोघांनी काय पाप केलं, ते तर प्रामाणिकपणे खेळले, आणि न खेळणारा त्यांच्या पुढं जाणार. बरं, आघाडीवरचा खेळाडू आठ नंबरला सुरू झालेला, त्याचा सहा नंबर शेवटून दुसरा यायचा. त्याला तिथं दोन पडले असते का चार हे कोण सांगणार? त्याला थ्रोच मिळाला नाही. जो थ्रो कुणाला मिळालाच नाही त्याची किंमत मी टेबलावर बसून ठरवू शकत नाही. सगळ्यांनी खेळला तरच तो होल स्पर्धेचा, नाहीतर नाही. वडील म्हणाले, तुमचा हिशोब समजतोय सर, पण पटत नाही. मी म्हणालो चालेल.

पोराला मी स्वतः जाऊन सांगितलं. खाली बघत ऐकलं त्यानं, मग विचारलं, "दादा, पण एस तर झाला ना?" मी म्हणालो, झालाच, तो कोण कसा काढून घेईल, चार माणसांनी डोळ्यांनी बघितलाय. एस मारलेल्या डिस्कवर बघणाऱ्यांनी सह्या करायची पद्धत आहे, त्याच्या कार्डातल्या तिघांनी केल्या, चौथी मी केली, आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या दोन आज्या ट्रॅकवर अजून होत्या, त्यांना बोलावून त्यांच्या पण घेतल्या. एका आजींनी सहीखाली तारीख पण घातली.

राऊंड परत सुरू केला तेव्हा ज्याची त्याची डिस्क जिथं होती तिथनं. तीनवाल्या कार्डाच्या दोन डिस्का मात्र मोहोळाखालीच राहिल्या, एक त्यातली हजार-दीड हजाराची ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क. मालक म्हणाला पटकन जाऊन आणतो, मी जाऊ दिलं नाही. बास्केट पण तिथंच सोडली.

दुसऱ्या राऊंडसाठी पूर्वेकडं मोकळ्या जागेत नवा सहा नंबर टाकला, पंचावन्न मीटर, साधा सरळ होल, जादाची बास्केट होतीच. तो नऊच्या नऊ कार्डांनी खेळला. त्याला काही चिंचेवाल्याची सर नाही, पण सगळ्यांना सारखा होता. पोरगं दुसऱ्या राऊंडला फार चांगलं खेळलं, सर्कलच्या आतले, म्हणजे बास्केटपासून दहा मीटरच्या आतले पुट, म्हणजे जवळचे थ्रो, एक पण चुकला नाही, आणि शेवटी एका थ्रोनं दुसरा आला. एका थ्रोनं. बक्षीस घेताना सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. वडिलांनी मला हात दिला, भडंग खाल्लं आमच्याबरोबर, आणि जाताना परत म्हणाले, मला पटलेलं नाही. त्यांचं अजून तेच म्हणणं आहे आणि माझा निर्णय पण तोच आहे, उद्या परत असं झालं तरी तोच देईन.

मोहोळ आठवड्याच्या आत उठून गेलं. माळीमामांनी फोन केला, मी जाऊन बास्केट आणली, दोन्ही डिस्का त्यांनी धुऊन ठेवलेल्या.

ह्या सगळ्यानंतर स्पर्धेच्या माहितीपत्रकात ही ओळ पहिल्या पानावर ठळक छापतो: चालू राऊंडमध्ये एखादा होल बंद करावा लागला तर तो सर्व खेळाडूंच्या स्कोअरमधून वजा होईल, त्यावरचा एस नोंदवला जाईल पण स्कोअरला धरला जाणार नाही. आणि एक जादा होल आदल्या दिवशीच मोजून, टी मारून तयार ठेवतो. नावनोंदणी करताना ती ओळ वाचून मगच सही करा. पुढच्या स्पर्धेच्या फॉर्मवर त्या पोराची सही आलेली आहे, पालक म्हणून खाली त्याच्या वडिलांची पण.