इसांडल्वानाचं मैदान सपाट नाही!

न्कुतू गाव मागे पडलं की डांबरी रस्ता सोडून मातीच्या रस्त्याला लागायचं. दोन्ही बाजूंना विखुरलेली घरं, रस्त्यातच निवांत उभ्या असलेल्या शेळ्या, आणि मग एकदम समोर, कुठल्याही रांगेत नसलेला, एकटा इसांडल्वानाचा डोंगर. फोटोंत हा इतका पाहिलाय, थर्माकोलमध्ये कोरलाय, तरी गाडी थांबवून खाली उतरल्याशिवाय राहवलं नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या या डोंगराच्या पायथ्याशी २२ जानेवारी १८७९ ला झुलूंनी इंग्रजांची अख्खी छावणी कापून काढली. आमचा वॉरगेमिंगचा (टेबलावर जुन्या लढाया खेळण्याचा) गट ही लढाई २८ मिलिमीटरच्या फिगर्स, म्हणजे छोटे पुतळे, घेऊन मांडतोय आणि टेबलावरची जमीन तयार करायचं काम माझ्याकडे आलंय. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडत मोठं झालेल्या माणसाला यापेक्षा मोठं सुख नाही. म्हणून ही वारी.

आधी हिशोब सांगतो. एक फिगर म्हणजे २० माणसं धरली, तर झुलूंच्या सुमारे २०,००० च्या सैन्याला १,००० फिगर्स लागतात. छावणीतले गोरे शिपाई आणि नाताळ या इंग्रज वसाहतीतले स्थानिक सैनिक मिळून ९० फिगर्सच्या आत आटपतात. जमिनीचा हिशोब जास्त छळतो. १ सेंटिमीटरला २० मीटर धरले, तर झुलू सैन्य लपलं होतं ते ८ किलोमीटरवरचं न्ग्वेबेनीचं खोरं छावणीपासून ४ मीटर लांब, म्हणजे टेबलाच्या पार बाहेर जातं.

छावणीच्या जागेवर उभं राहिलं की पूर्वेला दूरवर मैदान पसरलेलं दिसतं. सपाट, मोकळं, कोणी आलं तर लगेच दिसेल असं. मी जुलैत गेलो होतो, गवत पिवळं पडलेलं. (टेबलावर मात्र हिरवं हवं, जानेवारी हा तिथला पावसाळी उन्हाळा.) आमचा गाईड जवळच्याच गावातला. तो काही न बोलता पुढे चालू लागला. थोड्या अंतरावर तो कमरेपर्यंत दिसेनासा झाला, मग खांद्यापर्यंत, मग गायबच. मागोमाग गेलो तर पुढ्यात न्योगाने नावाची घळ! वाहत्या पाण्याने कापलेला, दगडगोट्यांनी भरलेला खोल चर. चार पावलं मागे असताना तिचा पत्ता नव्हता.

झुलू सैन्य बैलासारखं पसरायचं: मधे छाती, दोन बाजूंनी वेढा घालणारी शिंगं. इंग्रजांच्या कर्नल डर्नफर्डने आपले घोडेस्वार याच घळीत उतरवले आणि काठाच्या आडून झुलूंचं डावं शिंग रोखून धरलं. काडतुसं संपत आली तसा तो मागे हटला आणि इंग्रजी फळीची उजवी बगल उघडी पडली. समोर झुलूंची छाती इंग्रजांच्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या माऱ्याखाली उताराच्या आडोशाने पडून होती. तिला उठवायला झुलू सेनापती न्त्शिंग्वायोने आपला सरदार म्खोसाना याला खाली पाठवलं. त्याने माणसं उठवली आणि तो स्वतः गोळी लागून पडला. उजवं शिंग तोवर डोंगरामागून मान्झिम्न्यामाच्या खोऱ्यात उतरत होतं. नुसत्या झुंडीने गर्दी करून हे होत नाही, त्याला सेनापती लागतो. अनेक खेळांत झुलू म्हणजे फासे टाकून पुढे ढकलायची गर्दी असते, ते मला अजिबात पटत नाही. आमच्या टेबलावर न्त्शिंग्वायो आणि म्खोसानाच्या स्वतंत्र फिगर्स असतील.

डोंगराखाली पांढऱ्या रंगाने रंगवलेले दगडांचे ढीग जागोजागी दिसतात. त्यांच्याखाली इंग्रजांकडचे लोक पुरले आहेत. मेले १,३०० हून जास्त. झुलूंचेही किमान हजार गेले असावेत. त्यांच्यासाठी १९९९ मध्ये शौर्यपदकाच्या माळेचं ब्राँझचं स्मारक उभं राहिलं. तिथे बराच वेळ बसलो.

टेबलाची खरी अडचण ही की वरून पाहणाऱ्याला सगळंच दिसतं. घळही दिसते, डोंगरामागचं शिंगही. छावणी सांभाळणाऱ्या पुलेनला यातलं फार थोडं दिसत होतं. म्हणून परत येताना गाडीतच ठरवलं: न्योगानेची घळ बेसमध्ये खोल कोरायची, पुलेनच्या खेळाडूने छावणीच्याच बाजूला बसायचं, आणि उजव्या शिंगाच्या फिगर्स अंपायरकडे डब्यात राहतील. एक फेरी म्हणजे १५ मिनिटं. दुपारी बारापासून अडीचच्या सुमाराच्या सूर्यग्रहणापर्यंत १० फेऱ्या. शिंग कितव्या फेरीला बाहेर येणार, ते फक्त अंपायरला ठाऊक.

जमीन मी करतो. झुलूंच्या ढाली मात्र ढीगभर रंगवायच्या बाकी आहेत: तरुण पलटणींच्या गडद, जाणत्यांच्या पांढरट. गोऱ्यांची हेल्मेटंही पांढरीशुभ्र ठेवायची नाहीत, ते लोक ती चहाने डागाळून मळकट करायचे. ब्रश घेऊन कोणी येणार असेल तर कळवा.