खालती

शारजात आमच्या इमारतीत, बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर, एक पॅलेस्टिनी बाई राहतात. सत्तरी ओलांडलेल्या. त्यांना मी 'खालती' म्हणते. अरबीत खालती म्हणजे माझी मावशी. मी वरती आणि मावशी खालती, हा विनोद त्यांना समजावून द्यायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा चहा गार झाला. गंमत म्हणजे त्याही मला खालतीच म्हणतात. तिकडची रीतच तशी, मोठं माणूस लहानाला आपल्याच नात्याने हाक मारतं.

त्यांचा थोब, म्हणजे भरतकाम केलेला अंगरखा, मी पहिल्यांदा पाहिला तो उलटा. घरात लग्न होतं आणि खालती इस्त्री करत होत्या. भरतकामावर सरळ इस्त्री फिरवली तर टाके दबतात, म्हणून जाड टॉवेल अंथरून त्यावर कापड पालथं घालायचं. मला बराच वेळ ते पालथं आहे हेच कळलं नाही. कुठे गाठ नाही, लोंबता दोरा नाही, या फुलावरून त्या फुलावर मारलेली उडी नाही. त्यांनी तो सुलटा केला तेव्हा फरक दिसला, पण तोही थोडासाच.

माझ्या पोटात मात्र जुना गोळा आला. शाळेत शिवणाच्या तासाला आम्ही दोसुतीच्या तुकड्यावर फुलीचा टाका घालायचो. बाई सुलट बाजू बघायच्याच नाहीत. रुमाल हातात घेतला की आधी पालथा करायच्या. माझ्या गुलाबामागे कोळ्याचं जाळं असायचं.

तर थोब. आखातात पुरुषांच्या पांढऱ्या झग्यालाही हाच शब्द चालतो, पण पॅलेस्टिनी बाईचा थोब म्हणजे पायघोळ, सैल, बहुधा गडद कापडाचा आणि भरतकामाने जड झालेला अंगरखा. भरतकामाला म्हणतात तत्रीझ. छातीवरचा भरगच्च चौकोन म्हणजे कब्बा; तो वेगळा भरून मग अंगरख्याला जोडतात, म्हणून अंगरखा विरला तरी कब्बा उसवून नव्यावर लावता येतो. टाका आपलाच, फुलीचा. खडूने काही काढायचं नाही, सगळं मोजून. काळ्या कापडाचे धागे मोजता येत नाहीत, म्हणून वर जाळीचं कापड टाचतात, त्यावरून भरतात आणि शेवटी जाळीचा एकेक धागा ओढून काढतात. फुल्या तेवढ्या उरतात. हे ऐकून मी कपाळाला हात लावला. आमच्या बाईंना हे ठाऊक नव्हतं, हे आमचं नशीब.

पूर्वी भरायला रेशीम असे. पुढे फ्रान्सच्या डीएमसी कंपनीचा सुती दोरा आला आणि त्याबरोबर युरोपी नमुन्यांच्या पुस्तकांतले गुलाबही. खालतींच्या डब्यात लडी रंगाने नव्हे, नंबराने ओळखल्या जातात. ८१५ म्हणजे डाळिंबाचा गर्द लाल. नक्षीची नावं तर ऐकत राहावीत अशी: पाशाचा तंबू, बेथलेहेमचा चंद्र, गाईचा डोळा. आणि सरू. त्या झाडाला त्याही सरूच म्हणतात.

खालतींच्या आईचं गाव बेत दजन, याफा शहराजवळचं. संत्र्यांच्या बागा आणि बागांच्या कडेने वाऱ्याला अडवायला लावलेले सरू. त्या गावच्या थोबावर संत्र्याचा मोहोर असे आणि सरूही असत. पूर्वी बाई बाजारात दिसली की अंगावरच्या नक्षीवरून गाव कळायचं. बदावी बायकांत तर त्याहून जास्त कळे: नेगेवच्या वाळवंटात निळं भरतकाम कुमारिकेचं किंवा विधवेचं, लाल सवाष्णीचं. (आपल्याकडे लाल आलवण कोणाच्या अंगावर असे, ते मी खालतींना सांगितलं नाही.)

१९४८ साली, इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात, बेत दजन रिकामं झालं. नंतर घरं पाडली गेली. त्या वर्षी सुमारे सात लाख माणसं घरांतून निघाली. निर्वासितांच्या छावण्यांत अनेक बायकांनी लग्नातले थोब पिठासाठी विकले. तंबूत शेजारी वेगळ्याच गावची बाई. तिचं बघून हिने उचललं, हिचं बघून तिने. खालतींच्या आईने जॉर्डनमधल्या छावणीत भरलेला हा थोब नीट पाहिला तर कब्ब्यावर बेत दजनचा मोहोर आहे आणि बाह्यांवर हेब्रॉनकडची नक्षी. तिथली शेजारीण हेब्रॉनजवळच्या खेड्यातली होती. अभ्यासक याला नमुन्यांची सरमिसळ म्हणतात. खालती म्हणतात, ती बाई उसना दोरा कधी परत द्यायची नाही, म्हणून आईने नक्षी वसूल केली.

पुढे इस्रायलविरुद्धच्या १९८७च्या उठावात, झेंड्यावर बंदी असताना, बायकांनी थोबावरच झेंडे आणि नकाशे भरले. २०२१ साली युनेस्कोने तत्रीझला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ती बातमी मी मोठ्या उत्साहाने खाली जाऊन सांगितली. खालतींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सुईत दोरा ओवून दे म्हणाल्या.

गेल्या महिन्यात मीही बसले. पुण्याहून आणलेली दोसुती होती, अँकरची लाल लड होती. चार दिवस खपून दोन सरू भरले, शेजारी शेजारी, एकसारखे. घेऊन खाली गेले. खालतींनी तुकडा हातात घेतला आणि मला कळलं आता काय होणार.

पालथा केला. एका सरूच्या बुंध्यापासून दुसऱ्याच्या शेंड्यापर्यंत माझा दोरा तिरपा धावत गेला होता.

"खालती," त्या म्हणाल्या, "हा रस्ता कुठे चाललाय?"

मी डब्यातली छोटी कात्री उचलली आणि दुसरा सरू उसवायला घेतला.