केस चालू आहे, गाडी मिळेल का?

कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात फॉर्म भरत बसलो होतो. नाव, पत्ता, लायसन नंबर, हेवी कधीपासून, मागच्या मालकांचे फोन. दुसऱ्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरात विचारलं होतं, "आपल्याविरुद्ध कोणताही फौजदारी गुन्हा दाखल अथवा प्रलंबित आहे काय?" पुढं होय आणि नाही असे दोन चौकोन. पेन तिथं अडलं. बाहेर कुणीतरी लोखंडी टॉमीनं टायर ठोकून हवा बघत होतं, तो आवाज अजून कानात आहे. सहा महिने घरी बसून काढले होते, थोरलीची फी थकली होती. मी "नाही"वर खूण केली.

अठरा दिवस गाडी चालवली. एकोणिसाव्या दिवशी सुपरवायझरनं यार्डात बोलावून चावी मागितली. ज्या कारखान्याचा माल आम्ही न्यायचो, त्यांना ड्रायव्हरचं पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र लागत होतं आणि त्यात माझा गुन्हा नोंद होऊन आला होता. सुपरवायझर वयानं माझ्याएवढाच. म्हणाला, "केस आहे म्हणून नाही काढत. लिहून खोटं दिलंस म्हणून काढतोय." तेव्हा फार राग आला. आता वाटतं, तो माणूस खरं बोलत होता.

केस काय आहे ते सांगतो. फेब्रुवारी 2023, रात्रीची वेळ, सातारा जिल्ह्यातला हायवे, मी चौदा टायर घेऊन पुण्याकडं निघालेलो. दुभाजकाच्या तुटक्या जागेतून मोटरसायकल आली. त्यावरचा चोवीस वर्षांचा मुलगा गेला. यापुढचं लिहू नकोस असं वकिलांनी बजावलंय, कारण साक्षी चालू आहेत. म्हणून लिहीत नाही. मी पळालो नाही, 112 ला फोन मीच केला, रक्ताच्या तपासणीत दारू निघाली नाही, लायसन चालू होतं, एवढं कागदावर आहे.

एफआयआरमध्ये मात्र वाक्य ठरलेलंच असतं. "आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून..." ड्रायव्हर लोकांनो, हे वाक्य प्रत्येकाच्या नशिबी येतं, ते वाचून कोसळू नका. भादंवि म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं 279 (बेदरकार गाडी चालवणं), 304 अ (हयगयीनं कुणाचा मृत्यू होणं) आणि मोटार वाहन कायद्याचं 184 (धोकादायक गाडी चालवणं) लागलं. 304 अ जामीनपात्र आहे, त्यामुळं जामीन पोलीस ठाण्यातच झाला. मेहुणा जामीनदार राहिला. गाडी मोटार वाहन निरीक्षकानं तपासली, ब्रेक बघितले, मग मालकांनी ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, सोडवून नेली. गाडी सुटली आणि मी राहिलो. बारा वर्षं त्यांच्याकडं काढली होती. त्यांनी शिवी दिली नाही, पण "काही दिवस थांब" म्हणाले आणि ते दिवस संपले नाहीत.

एक गैरसमज सगळीकडं भेटला, म्हणून थोडं सविस्तर. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी नवीन भारतीय न्याय संहिता आली आणि आता अशा अपघाताला कलम 106 लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझा गुन्हा त्याआधीचा, म्हणून जुनाच कायदा, जास्तीत जास्त दोन वर्षं. ज्या दहा वर्षांच्या कलमाविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये आपण सगळ्यांनी गाड्या उभ्या केल्या होत्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, ते कलम अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्यासाठी होतं आणि ते सरकारनं थांबवून ठेवलं. तरी मला एका ऑफिसात विचारलं, "तुला दहा वर्षं होणार ना? मग तुला गाडी देऊन काय करू?" म्हणून अर्जात कलम लिहिताना तारीखही लिहा. आणि प्रश्न नीट वाचा. कुठं "शिक्षा झाली आहे का" असतं, कुठं "गुन्हा दाखल आहे का". पहिल्याचं माझं उत्तर नाही, दुसऱ्याचं होय. दोन्ही खरी आहेत. घाईत वाचलं तर माणूस नको तिथं होय लिहितो आणि लिहायचं तिथं लपवतो.

कळंबोलीनंतर मी ठरवलं की आधी सांगायचं. पण सांगायलाही यावं लागतं. पहिल्या दोन-तीन ठिकाणी मी इतकं रडगाणं गायलो की समोरचा घाबरला. रस्ता कसा होता, लाईट नव्हती, माझी चूक नव्हती. मालकाला यातलं काही नको असतं. त्याचा निवाडा कोर्ट करणार, तो नाही. फलटणकडच्या एका म्हाताऱ्या मालकानं मला नकार देता देता खरी गोष्ट सांगितली. म्हणाले, "बाबा, तू चांगला असशील. पण तारखेला तू कोर्टात, माझी गाडी रस्त्यावर माल भरून उभी. आणि तारीख चुकवलीस तर वॉरंट. मग पोलीस तुला वाटेत गाडीवरनं उतरवणार. माल कोण उतरवणार?"

त्या दिवशी डोक्यात लख्ख झालं. गुन्ह्याची भीती कमी होती, तारखांची जास्त होती.

मग मी एक कागद तयार केला. मुलीच्या रेघी वहीचं पान घेतलं आणि वर्षभरातल्या सगळ्या तारखा ओळीनं लिहिल्या. नऊ तारखा होत्या. चारला मी हजर, पाचला वकिलांनी हजेरी माफीचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. वॉरंट एकही नाही. पुढं वकिलांचा फोन नंबर. त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं की मालकाचा फोन आला तर बोलाल का. त्या कागदाबरोबर एफआयआरची प्रत, जामिनाचा कागद, लायसन आणि ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये माझी केस. प्रत्येक केसला स्वतःचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर असतो, तो टाकला की पुढची तारीख आणि केस कुठपर्यंत आली ते कुणालाही दिसतं. मी मोबाईल मालकाच्या हातात द्यायचो, तुम्हीच बघा म्हणून.

मधल्या काळात एक सल्ला फार जणांनी दिला. कबूल कर, दंड भर, मोकळा हो. ढाब्यावरचे अनुभवी लोक सांगायचे, त्यामुळं खरा वाटायचा. वकिलांनी हात जोडले. नुसत्या 279 ला दंडावर भागतं, पण माणूस गेलाय त्या केसमध्ये कबुली म्हणजे तुरुंगाचं दार. अशा ड्रायव्हरला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू नये असं सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच म्हटलंय. आणि मग आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर "शिक्षा झाली आहे का" याला होय. ज्यांची केस चालू आहे त्यांनी निदान आपल्या वकिलाला विचारल्याशिवाय असं काही करू नका, हात जोडून सांगतो.

आखातात ट्रेलरवर जायचं डोक्यात होतं, मुंबईच्या एजंटाशी बोलणंही झालं होतं. पण केस चालू असेल तर पासपोर्टलाच कोर्टाची परवानगी लागते. ते सोडून दिलं. सरकारी नोकरीचंही वकिलांना विचारलं. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं अवतार सिंग खटल्यात सांगितलंय की पडताळणीत दिलेली माहिती खरीच हवी. चालू केस किरकोळ असेल आणि उमेदवारानं स्वतः सांगितली असेल, तर निकालाच्या अधीन राहून त्याला घेणं न घेणं नोकरी देणाऱ्या खात्याच्या हातात. माझी केस किरकोळ नाही. एका घरातला मुलगा गेलाय.

सध्याची गाडी कोल्हापुरात मिळाली. मालकांच्या नऊ गाड्या, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग भोसरी-चाकणला न्यायचं काम. हिशेब वहिनी बघतात. मी उभ्या उभ्याच बोललो, "मालक, हेवी चौदा वर्षं झाली, ही लाईन पाठ आहे. एक गोष्ट आधी सांगतो. फेब्रुवारी 2023 ला माझ्या गाडीखाली एक मोटरसायकलवाला मुलगा गेला. केस चालू आहे, शिक्षा नाही. पिलेलो नव्हतो, पळालो नव्हतो." आणि वहीचं पान पुढं केलं.

त्यांनी पान वाचलं, मग वहिनींकडं दिलं. वहिनींनी चष्मा लावून एकेक तारीख बघितली. मालक म्हणाले, "बस." आणि विचारलं, "पोरगं कुणाचं होतं?"

इतक्या ठिकाणी फिरलो, हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, दोन बहिणींचा एकटा भाऊ, वडील शेती करतात, प्रत्येक तारखेला येतात. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक आहे. ते एका टोकाला बसतात, मी उभा राहतो. एकदा त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, म्हणजे जागा झाली. मला बसवलं नाही. विम्याच्या दाव्याचं न्यायाधिकरणात वेगळं चालू आहे, त्याचे पैसे त्यांना लवकर मिळावेत असं मला मनापासून वाटतं.

मालकांनी तीन महिने बघतो म्हणून घेतलं. गाडी दिली ती पुण्याच्याच लाईनची, कोर्ट वाटेवरच पडतं. तारखेच्या आदल्या रात्री भरून निघायचं, सकाळी कोर्ट करायचं, मग पुढं. भत्ता कापत नाहीत. त्या तीन महिन्यांना आता सात महिने झाले.

हे लिहितोय ते साताऱ्याच्या अलीकडं ढाब्यावर गाडी लावून. उद्या निरीक्षकाची साक्ष आहे, ब्रेक तपासले त्यांची. पांढरा शर्ट घडी करून मागच्या बर्थवर ठेवलाय. कास्टिंग संध्याकाळी सहापर्यंत भोसरीत उतरवायचंय. मालकांना फोन झाला, पुकारा लवकर झाला तर एकच्या आत निघतो म्हणून सांगितलंय.