दोन्ही नांगर वर आहेत ना?

फेब्रुवारी 2025 चा पहिला आठवडा. आमचा प्रॉडक्ट टँकर, म्हणजे शुद्ध केलेलं तेल वाहणारं जहाज, रिकामा, माल भरायला फिनलंडच्या पोर्व्हो बंदराकडे निघालेला. मी चीफ ऑफिसर, पहाटेची चार ते आठची वॉच. फिनलंडच्या आखातात जीपीएस जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. रशियाकडून होणाऱ्या जॅमिंगची विमानवाल्यांनाही सवय झाली आहे. 2024 मध्ये फिनएअरने त्यापायी एस्टोनियातल्या तार्तूची उड्डाणं महिनाभर बंद ठेवली होती. आमचाही अलार्म वाजला, पोझिशन गेली. मग रडारवर नाइसार बेटाचं अंतर आणि बेअरिंग घेऊन जुन्या पद्धतीने फिक्स, म्हणजे जहाजाची जागा, काढायला बसलो. कॅडेट खूश, एरवी त्याला हे कोण करू देतं!

तेवढ्यात इंजिन रूममधून बडा साबचा, म्हणजे चीफ इंजिनियरचा, फोन. एका युनिटचं (सिलिंडरचं) एक्झॉस्ट टेम्परेचर चढलं होतं, स्लो-डाउन आला होता, आरपीएम खाली आणावे लागणार होते. बारा नॉटवरून आम्ही पाचावर आलो. कॅप्टनना उठवलं, ते ब्रिजवर येतात न येतात तोच व्हीएचएफ रेडिओवर तालिन ट्रॅफिक, जहाजांच्या वाहतुकीवर नजर ठेवणारं एस्टोनियाचं केंद्र. वेग का कमी केला? कारण सांगितलं. पुढचा प्रश्न: दोन्ही नांगर वर आहेत ना? आहेत म्हटलं. आवाज अगदी सभ्य, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. डोळ्यांनी पाहून खात्री करा आणि कळवा, म्हणाला. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

त्याचंही बरोबरच होतं. 25 डिसेंबर 2024 ला, ऐन नाताळात, फिनलंड आणि एस्टोनियाला जोडणारी एस्टलिंक 2 ही समुद्राखालची वीजवाहिनी तुटली. संशय 'ईगल एस' या टँकरवर. झेंडा कुक आयलंड्सचा, पोटात रशियाच्या उस्त-लुगा बंदरातून भरलेलं तेल. समुद्राच्या तळावर नांगर ओढत नेल्याचा माग कित्येक किलोमीटर सापडला. त्या जहाजाचाही वेग असाच घटला होता. आता दोन देशांमध्ये उरली होती ती एकच, एस्टलिंक 1, आणि आम्ही रखडलो होतो ते नेमके तिच्या आसपास. त्यात 8 फेब्रुवारीला तिन्ही बाल्टिक देश रशियन ग्रिडमधून बाहेर पडून दुसऱ्या दिवशी युरोपच्या ग्रिडला जोडले जाणार होते. त्या आठवड्यात एस्टोनियात कुणाला स्वस्थ झोप लागत असेल असं वाटत नाही. नाटोनेही जानेवारीत 'बाल्टिक सेन्ट्री' नावाची गस्त सुरू केली होती.

कॅप्टननी वॉच घेतली आणि मला बोसनबरोबर (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) फोकसलवर, म्हणजे जहाजाच्या नाकाडावर, पाठवलं. किर्र अंधार, वारा समोरून, डेकवर उडालेल्या पाण्याचा बर्फ. टॉर्चच्या उजेडात आधी स्टारबोर्डचा (उजवा) नांगर पाहिला: ब्रेक आवळलेला, स्टॉपरचा बार साखळीवर आडवा, पिन जागेवर, नांगर जखडणारी लॅशिंगची वायर ताठ. पोर्टच्या (डाव्या) नांगराची लॅशिंग ताणणाऱ्या बॉटल स्क्रूवर बर्फाचा गोळा बसला होता. खाली काय आहे ते दिसेना, म्हणून बोसनने लाकडी हातोड्याने तो फोडला. सगळं जागच्या जागी होतं. फोटो काढायचे होते, पण टँकरच्या डेकवर मोबाइल चालत नाही. कंपनीचा स्फोटरोधक कॅमेरा आणवला आणि बोटं बधिर होईपर्यंत काढले.

तिथे उभा असताना मनात दुसरंच चाललं होतं. इंजिन कुरकुरत असेल तर शहाणा खलाशी आधी लॅशिंग सोडून नांगर तयार ठेवतो. जहाज खडकाकडे वाहू लागलं तर तोच शेवटचा ब्रेक. आमच्या कंपनीचं नवं परिपत्रक मात्र केबलच्या पट्ट्यात लॅशिंग काढू नका म्हणत होतं. 1884 च्या पॅरिस करारापासून कायदा असा, की जीव किंवा जहाज वाचवताना केबल तुटली तर तो गुन्हा नाही. उलट केबल वाचवायला नांगर सोडून दिला तर मालकाला भरपाई. पण त्या पहाटे आमच्या हातून तसं काही झालं असतं, तर आमच्यावर विश्वास कुणी ठेवला असता? कॅप्टननी लॅशिंग तशीच ठेवली. माझं मत वेगळं होतं, पण निर्णय त्यांचा.

मी ब्रिजवर परतलो तोवर रडारवर एक ठिपका आमच्याकडे सरकत होता. गस्ती नौका. काही वेळ समांतर चालली, काही बोलली नाही, मग मागे पडली. बडा साबने त्या युनिटचं इंधन तोडलं आणि आठ नॉटने आम्ही पुढे निघालो.

पोर्व्होजवळ दिवसाउजेडी 'ईगल एस' दिसलं, अडकवून ठेवलेलं. त्यावर जॉर्जियन आणि आपली भारतीय मुलं. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने हे प्रकरण आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही असं सांगून खटला फेटाळला. घटना प्रादेशिक सागराबाहेरची होती. आखात इतकं अरुंद, की दोन्ही देशांनी आपापली हद्द पुरती ताणली तर मधे जागाच उरणार नाही. म्हणून त्यांनी 1990 च्या दशकात आपणहून किमान 6 सागरी मैलांचा पट्टा मोकळा ठेवला. युरोपची खरी अडचण मला तिथे दिसते. सगळ्यांसाठी ठेवलेल्या वाटेनेच 'ईगल एस'सारखी जहाजं जातात आणि वाट बंद करायची तर मोकळ्या समुद्राचा नियम स्वतःच मोडावा लागतो. मग उरतं काय, तर प्रत्येक जहाजाला नांगराबद्दल विचारणं.

सुट्टीवर आलो तेव्हा गुहागरकडचा एक मुलगा भेटायला आला. जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स करून घरी बसलेला. बेलापूरच्या एका एजंटने टँकरवर नोकरी देतो म्हटलेलं, जहाजाचं नाव नंतर. मी म्हटलं, 'ईगल एस'सारखं जहाज निघायला नको, आधी आयएमओ नंबर माग, जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक. इक्वासिस या जहाजांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर टाक, फुकट आहे. झेंडा किती वेळा बदलला, विमा कोणत्या क्लबचा (जहाजमालकांच्या विमा संघाचा) आहे, ते बघ. एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या नौवहन खात्याचं, लायसन्स आहे का तेही बघ. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "दादा, नंबर देत नाहीयेत. पगार मात्र डॉलरमध्ये म्हणतात." मी जाऊ नको म्हटलं. त्याच्या घरच्यांचं म्हणणं मात्र जावं असं आहे.