हॅरिस शील्डमधला हॅरिस

मी फोर्टात हेरिटेज वॉक घेते. आझाद मैदानाच्या कडेला लॉर्ड हॅरिसची गोष्ट सांगते तेव्हा दरवेळी माझा आवाज चढतो. सचिन-कांबळीची १९८८ ची नाबाद ६६४ ची पार्टनरशिप हॅरिस शील्ड ह्या शाळांच्या क्रिकेट स्पर्धेतली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहिती, पण हा हॅरिस कोण ते कोणी विचारतच नाही.

परवाच्या ग्रुपमध्ये केंटचे एक आजोबा होते. त्यांच्यासाठी हॅरिस म्हणजे देवमाणूस, ईटन, ऑक्सफर्ड, केंटचा कॅप्टन, १८८० ला ओव्हलवर इंग्लंडातली पहिली टेस्ट झाली तेव्हा इंग्लंडचाही कॅप्टन. मी म्हटलं, अहो तोच १८९० ते ९५ इथला गव्हर्नर होता, साहेब लोक ह्या मैदानावर पोलो खेळायचे, घोड्यांच्या टापांनी सगळं ग्राउंड उखडायचं आणि आमच्या पोरांनी त्याच खड्ड्यांत बॅटिंग करायची, पारशांनी अर्जावर अर्ज केले तरी ह्याने पोलोवाल्यांचीच बाजू घेतली. आणि ऑगस्ट १८९३ ला मुंबईत दंगल पेटली, माणसं मरत होती, तेव्हा हा पुण्यात गणेशखिंडीला. आला तो नवव्या दिवशी, तेही मुख्यतः क्रिकेट मॅचसाठी!

आजोबा चिडले नाहीत. म्हणाले, "आणि सिडनी?" मग त्यांनीच सांगितलं. १८७९, सिडनीत हॅरिसच्या इंग्लिश टीमची मॅच, तिथल्या लाडक्या बॅट्समनला, मर्डॉकला, रनआउट दिला म्हणून पब्लिक मैदानात घुसलं, हॅरिसच्या टीमने नेमलेल्या अंपायर कूल्टहार्डला घेरलं. हॅरिस त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला, कोणीतरी त्याला काठी मारली तरी मैदान सोडून गेला नाही.

मला सिडनीचं माहीत होतं, पण मुंबईशेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. म्हणजे माणूस भित्रा नव्हताच. मग तर पुण्यात बसून राहणं मला जास्तच लागलं, कारण आपल्या टीमच्या अंपायरसाठी जो मार खातो त्याला मुंबईचे लोक आपले वाटलेच नाहीत, दुसरं काय!

आजोबा म्हणाले, जिमखान्यांना जागा दिली की त्याने. दिली, हिंदूंना वेगळी, मुसलमानांना वेगळी, केनेडी सी-फेसवर, म्हणजे आताच्या मरीन ड्राइव्हला. मैदानावरचा पोलो मात्र बंद केला नाही. ह्यावर आमची चर्चगेटपर्यंत चांगलीच जुंपली, बाकीचा ग्रुप मागून ऐकत येत होता.

आता वॉकमध्ये आधी सिडनी सांगते, मग १८९३.